दुप्पट ताकदीचा माणूस

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून नवं आयुष्य. पुण्याच्या कायनेसिऑलॉजी परिषदेचं पत्र आलं आहे. शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकवण्यात ज्यांची हयात गेली, अशा ज्येष्ठ अभ्यासकांच्या कारकिर्दीच्या हकिकती ते त्यांच्याच आवाजात जपून ठेवणार आहेत. ज्याचं रेकॉर्डिंग सर्वांत चांगलं, त्याला दोन वर्षं पुण्यात डेप्युटेशन. पुणे! नळाला पाणी. मैदानावर गवत.

मराठवाड्यातून हे काम माझ्याशिवाय कोण करणार? आमचे तिडके सर दिंद्रुडला असतात, इथून चौदा किलोमीटर. मी त्यांचा लाडका विद्यार्थी. बॅचमध्ये बावीस जण होतो, पण लाडका मीच असणार.

संकल्प: पहाटे पाच किलोमीटर पळणे. दर रविवारी दिंद्रुड. पीएच.डी. जूनपर्यंत हातावेगळी करणे. अकरा वर्षं झाली, आता शेवटची दोनच प्रकरणं राहिलीत. आणि पहिलं.

आज पळालो नाही. दुष्काळामुळे मैदानावर जनावरांची छावणी आहे.

३ फेब्रुवारी, बुधवार

पुण्याला पाठवायच्या प्रस्तावनेचा कच्चा मसुदा:

‘प्रा. अर्जुनराव तिडके यांनी १९७४ च्या हंगामात बीडच्या ऊसतोड मजुरांबरोबर चार महिने कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, राहून चाळीस मजुरांचं काम मोजलं. वाकणं, तोडणं, मोळी बांधणं, डोक्यावरून वाहणं. संध्याकाळी एकेकाच्या नावावरचा ऊस तराजूवर. निष्कर्ष थक्क करणारा. शास्त्राने धडधाकट माणसाची जेवढी ताकद मानली आहे, त्याच्या बरोबर दुप्पट काम बीडचा मजूर एकट्याने करतो. हाच तो विख्यात तिडके गुणांक: दोन.’

छान उतरलंय. माझी पीएच.डी. याच गुणांकावर उभी आहे. बीडच्या माणसात असं काय आहे, हा माझा प्रश्न. मणके तपासले, गुडघे तपासले, बाजरीसुद्धा लॅबला पाठवली. अजून काही हाती लागलं नाही. पण दोन आहे, म्हणजे काहीतरी असणारच.

७ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

दिंद्रुड रद्द.

मोटरसायकल पुसून ठेवली होती, फोन शंभर टक्के चार्ज. तेवढ्यात अध्यक्षांचा निरोप. बबनरावजी आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि सहकारी साखर कारखान्याचेही. यंदा ऊस नाही म्हणून कारखाना बंद, छावणी मात्र जोरात. त्यांनी सांगितलं, आघाव सर, मैदान तुमचं हाय, मैदानावरली जनावरं बी तुमचीच समजा. तपासणीवाले कवा येतील नेम न्हाई, जागा सोडायची न्हाई.

म्हणजे मी क्रीडाशिक्षकाचा छावणीप्रमुख. माझ्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर अकराशे चाळीस जनावरं. लांब उडीच्या खड्ड्यात कडबा. क्वार्टर मैदानाला लागून असल्यामुळे खिडकी उघडली तरी छावणी आणि मिटली तरी छावणी.

जबाबदारी माणूस बघूनच देतात, हे मात्र खरं.

१४ फेब्रुवारी, रविवार

दिंद्रुड रद्द. टँकर आला नाही. शेतकरी माझ्याभोवती गोळा, जसा काही मीच टँकर.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

विमल माहेरी गेली, पाटोद्याला. तिथेही टँकरच, पण तिथे निदान वास नाही असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, चार महिने कळ काढ, जूनमध्ये आपण पुण्यात. ती म्हणाली, हे तुम्ही लातूरच्या नोकरीच्या वेळेलाही म्हणाला होतात, आणि औरंगाबादच्याही. संशोधकाच्या बायकोला धीर हवा.

२१ फेब्रुवारी, रविवार

दिंद्रुड रद्द. कारण आठवत नाही, पण कारण होतं.

६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

गेलो! अध्यक्ष मुंबईला होते.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वाळलेत, पण पाठ ताठ. हात थरथरतात. गीताकाकूंनी चहा दिला, पाणी तांब्याने नाही, फुलपात्राने दिलं. मी फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्ड दाबलं. सुरुवात झकास. बालपण, तालीम, गुरुजी, पहिली नोकरी. अकरा मिनिटं सोनं.

मग सर म्हणाले, त्रिंबक, आता मुद्द्याचं ऐक. त्या गुणांकात चूक आहे.

मी हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, मी मजुरांची यादी कुठून घेतली? टोळीच्या मुकादमाच्या वहीतून. त्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला एकच नाव असतं, नवऱ्याचं. मी चाळीस नावं उतरून घेतली आणि संध्याकाळी नावावरचा ऊस तोलत राहिलो. अरे, ते चाळीस नव्हते, ऐंशी होते. तो वाकून तोडायचा, ती पाचट काढायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. चार महिने मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर एकच माणूस लिहिला. दुप्पट ताकद कशाची, दोन माणसं होती.

रेकॉर्डिंग मी हसलो तिथेच बंद केलं होतं. बॅटरी एकसष्ट टक्के होती, पण बॅटरीचं काही सांगता येत नाही.

सरांना ते कळलं नाही. ते बोलत राहिले. विद्यापीठाला तीन पत्रं लिहिली म्हणे, तिन्हींना उत्तर एकच, गुणांक अभ्यासक्रमात आहे, विषय संपलेला आहे. आता हाताला लिहवत नाही. म्हणाले, हे माझ्या आवाजात राहू दे, म्हणजे मी सुखाने जाईन. आणि त्या चाळीस बायांपैकी एक तरी जिवंत असेल, ती शोध. मला तिला समोरासमोर सांगायचंय.

मी हो म्हटलं. वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची आपली पद्धत नाही.

परतताना विचार केला. वय झालंय. या वयात माणूस स्वतःवरच संशय घेतो. थोर माणसांत ही विनम्रता असतेच.

७ मार्च, सोमवार

रात्रीचं जेवण गेलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. अकरा वर्षं, दोनशे चौदा पानं, आणि तीन वेळा बदललेला गाइड. दोन जर दोन माणसांचे असतील, तर मी अकरा वर्षं नक्की काय शोधतोय?

पण शास्त्रात एका माणसाच्या सांगण्याला काही किंमत नसते. मग तो माणूस तिडके का असेना. हे लिहिल्यावर बरं वाटलं. उद्यापासून पळणे.

१३ मार्च, रविवार

दिंद्रुडला जाणार होतो. सर्दी.

२० मार्च, रविवार

सर्दी उतरली. पण परत चढेल असं वाटतं.

२९ मार्च, मंगळवार. दुपारी ३

छावणीवर धाड. तहसीलचे साहेब यादी घेऊन आले, एकेक नाव पुकारून माणूस समोर बोलवायचा, त्याची जनावरं मोजायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी पुकारलं, सटवा मुंजाजी! कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. शेवटी तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी दोन बैल घेऊन पुढे आली आणि म्हणाली, सटवा मरून नऊ वर्सं झाली सायब, मी बायनाबाई, बैलं माजी.

साहेबांनी विचारलं, मग रोज चारा घेतल्याचा अंगठा कुणाचा? म्हणाली, माजाच. मग नाव त्याचं कसं? ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, त्ये सरांला इचारा. मी माजंच नाव सांगितलं हुतं, हे म्हनले मालकाचं सांगा.

मैदान हसलं. अकराशे जनावरांसकट हसलं असं मला वाटलं.

साहेबांनी पाहणी चालू ठेवली तेव्हा आणखी सव्वीस मालक स्वर्गवासी निघाले. मला नोटीस मिळेल म्हणे. दोष माझा नाही. फॉर्मवर ‘पशुपालकाचे नाव’ एवढंच आहे, पशुपालक हयात असावा असं कुठे म्हटलंय? आणि सातबारावर मालकाचं नाव असतं, ते मी लिहिलं. सगळेच तसं लिहितात.

३० मार्च, बुधवार. सकाळी ७

सटवा मुंजाजी हे नाव कुठेतरी वाचलं होतं. सकाळी उठून सरांच्या प्रबंधाचं परिशिष्ट काढलं. चाळीस मजुरांची यादी. क्रमांक सतरा. वय चोवीस, उंची पाच फूट चार इंच, गाव आपल्याच शिवारातलं. शेरा: ‘गटातील सर्वोत्तम कार्यक्षमता.’

खिडकीतून पाहिलं. क्रमांक सतराची बायको बैलांना कडबा टाकत होती.

३१ मार्च, गुरुवार

तिच्याशी अनौपचारिक चर्चा केली. संशोधकाने सगळे पुरावे तपासायचे असतात. मी विचारलं, बायनाबाई, तुमचे मालक एकटे किती ऊस तोडायचे?

म्हणाली, एकटं कोन तोडतंय?

मी म्हटलं, तसं नाही, चौऱ्याहत्तर साली एक साहेब तुमच्या टोळीबरोबर होते, त्यांनी मोजलं होतं.

तिला आठवलं. म्हणाली, एक सायब मागं मागं फिरायचा, तराजू घेऊन. लई गुनाचा मानूस. मोळी माज्या डोक्यावरची उतरवायचा, तोलायचा आन् पुन्ना माज्याच डोक्यावर चढवायचा. आन् वहीत लिवायचा सटवा. आमी बाया लई हसायचो.

मी विचारलं, मग त्यांना सांगितलं का नाही? ती म्हणाली, त्येला दिसत हुतं की. दिसतंय त्ये काय सांगायचं?

निष्कर्ष: साक्षीदार निरक्षर, घटना बेचाळीस वर्षं जुनी, स्मरणशक्ती संशयास्पद. नोंद घेतली नाही.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

अध्यक्षांनी छावणीत गुढी उभारली आणि भाषण केलं. बीडच्या मानसात दोन मानसांचं बळ हाय, हे आमच्या तिडके सरांनी शास्त्रानं सिद्ध केलंय. टाळ्या. बायकाही वाजवत होत्या.

दुपारी गीताकाकूंचा फोन. म्हणाल्या, हे रोज विचारतात, त्रिंबक कधी येणार, कोणी सापडलं का? रोज धोतर नेसून ओसरीवर बसतात. मी म्हटलं, काकू, शोध जारी आहे, जिल्हा फार मोठा आहे.

हे बोलताना बायनाबाई खिडकीबाहेर बादलीसाठी कोणाशी तरी भांडत होती. आवाज फोनमध्ये गेला असेल का? बहुधा नाही.

१० एप्रिल, रविवार

जाणारच होतो. बायनाबाईला मागे बसवून न्यायचं असंही एकदा मनात आलं. चौदा किलोमीटर, अर्धा तास. मग वाटलं, तिच्या बैलांकडे कोण बघणार? जनावरांची हेळसांड करणं मला पटत नाही.

१७ एप्रिल, रविवार

निर्णय घेतला. ठाम. पुढच्या रविवारी जाणार, सगळं रेकॉर्ड करणार, अगदी पहिल्यापासून. पीएच.डी.चं शीर्षक बदलेन. माणूस चूक कबूल करण्यानेच मोठा होतो. इतकं हलकं वाटलं की खरोखर पळालो. ट्रॅकच्या बाहेरून, शेणातून, दीड फेरी.

२१ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११

सरांना काल अर्धांगवायूचा झटका आला. बीडला दवाखान्यात ठेवलंय. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

दुपारी १

फोनमधली फाइल ऐकली. बालपण, तालीम, गुरुजी, पहिली नोकरी. मग सरांचा आवाज, ‘त्रिंबक, आता मुद्द्याचं ऐक. त्या गुणांकात चूक आहे.’ मग माझं हसणं. सर पुढे सगळं सांगतात, पण ते फोनमध्ये नाही. तिथे माझा अंगठा पोचतो.

पुन्हा ऐकली. दर वेळी वाटतं पुढे काहीतरी असेल.

२३ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात जाऊन आलो. सरांनी ओळखलं. डावा हात धरून ठेवला माझा, सोडीनात. डोळे माझ्या खिशाकडे, जिथे फोन असतो. गीताकाकू म्हणाल्या, याच्याकडे सगळं आहे हो, तुम्ही सांगितलेलं सगळं जपलंय याने, आता काळजी करू नका. सरांचे डोळे भरून आले.

मी मान हलवली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. बसस्टँडवर एक तास नुसता बसलो.

३० एप्रिल, शनिवार

आज पुण्याची शेवटची तारीख. रेकॉर्डिंग पाठवलं. मुद्द्याचं वाक्य आणि माझं हसणं तेवढं कापलं, तांत्रिक कारणामुळे. सोबत प्रस्तावना, तीच, गुणांकासकट. खरं कळवायचं तर पुरावा काय देणार? ज्याने चूक केली तो बोलू शकत नाही आणि जिने पाहिलं तिची मी नोंद घेतलेली नाही.

सर बरे होऊन बोलायला लागले की दुरुस्ती करता येईल. अशी उदाहरणं आहेत.

१९ मे, गुरुवार

पहिला! संपूर्ण राज्यातून पहिला!

पत्रात लिहिलंय, तिडके गुणांक नव्या पाठ्यपुस्तकात येणार. विमलला फोन केला. ती म्हणाली, बॅगा भरू का? तिच्या आवाजात असा आनंद मी किती वर्षांत ऐकला नव्हता. म्हटलं, भर.

२४ मे, मंगळवार

अध्यक्षांनी बोलावून पेढा दिला. म्हणाले, मी पुण्याला फोन केला हुता. सर, तुमच्यासारखा मानूस आमी सोडतो व्हय? तिडके सरांचं काम हितलं, तर त्याचं केंद्र बी हितंच पायजे. त्यांनी मान्य केलंय. डेप्युटेशन रद्द, त्याऐवजी तुमी केंद्रप्रमुख. कायमचे. कडब्याचं गोदाम मोकळं करून देतो.

मी आभार मानले. दुसरं काय करणार होतो?

विमलला फोन केला. ती म्हणाली, बरं. आणि पलीकडे बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

५ जून, रविवार. दुपारी ४

आज छावणीत सरांचा सत्कार. गर्दी आयती होती. कारखान्याच्या जीपमधून सरांना आणलं, खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. शाल, फेटा. फेटा डोळ्यांवर येत होता, गीताकाकू सारखा वर सारत होत्या. समोर पुरुष, बांबूच्या पलीकडे बायका. बायनाबाई पुढेच बसली होती, सरांपासून फार तर तीस फुटांवर.

मानपत्र मी वाचलं. ‘बीडचा मजूर एकट्याने दुप्पट काम करतो’ हे वाक्य आलं आणि सरांचा डावा हात वर गेला. दोन बोटं. मी थांबलो. अध्यक्षांना वाटलं सर दाद देतायत, त्यांनी माइक ओढून घेतला आणि दोन बोटं वर करून ओरडले, दुप्पट! सगळं मैदान दोन बोटं वर करून ओरडलं, दुप्पट! सर मान हलवत होते, नाही, नाही. बोटं माझ्यासमोर धरत होते, मग बायकांच्या बाजूला, मग पुन्हा माझ्यासमोर. लोक आणखी ओरडले.

गीताकाकूंनी घाबरून विचारलं, हे काय होतंय यांना? मी म्हटलं, काकू, झटक्यानंतर अशी अनैच्छिक हालचाल होते.

अनैच्छिक नव्हती. दोन बोटं ताठ, बाकीची दोन अंगठ्याखाली दाबून धरलेली. इतकं नेमकं स्नायू आपोआप करत नाहीत. हा माझा विषय आहे, तेवीस वर्षं शिकवतोय. मी मानपत्र पुढे वाचलं. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

जीप गेल्यावर बायनाबाई आली. म्हणाली, त्यो म्हातारा लई वंगाळ तोंड करून दोन दोन कावून करत हुता?

मी म्हटलं, आजारी आहेत. मग तिने नाव विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, त्यो तराजूवाला सायब? जित्ता हाय व्हय? फेट्यात वळखलाच न्हाई मी. तुमाला ठावं हुतं का, सर? मग मला कावून न्हाई सांगितलं? भेटले असते की.

मी म्हटलं, आता गेले ते.

म्हणाली, गेला म्हंजी कुटं, धूळ अजून दिसतीय. तुमच्याकडं फटफटी हाय की. चला, बैलं बघंल कोनबी.

तिने पदर खोचला आणि मोटरसायकलपाशी जाऊन उभी राहिली. टाकीत पेट्रोल होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हटलं, थांबा, आलोच. घरात आलो, कडी लावली आणि हे लिहायला बसलो. ती अजून उभी आहे.